तुमच्या भाषेत सांग तिला

बाईंनी रुमाल खिडकीच्या गजाशी धरला. पांढरा रुमाल, कडेला निळ्या दोऱ्याची फुलं. रुमाल हलला. बाई वळल्या आणि सगळ्या वर्गातून त्यांनी मलाच उभं केलं.

"तुम्ही दर्यावरचे लोक. वाऱ्याचं तुम्हाला बरोबर कळतं. सांग बघू, आत्ता वारा कुठून येतोय?"

मला केवढा आनंद झाला! दिवाळीच्या सुट्टीनंतर या नव्या बाई आल्या होत्या. आठ दिवस झाले तरी त्यांनी मला एकदाही काही विचारलं नव्हतं. आणि आता विचारलं ते नेमकं मला येणारं. मी छाती काढून म्हणाले, "मतलय हाय, बाई. जमिनीकडून दर्यावर चाललेय. दुपारी फिरेल, मग खारा वारा येल."

वर्ग हसला. 'हाय'ला हसला.

बाई हसल्या नाहीत. त्या कधी ओरडत नसत. छडीला त्यांनी कधी हात लावला नाही. मऊ आवाजात म्हणाल्या, "मतलई आहे, म्हण."

"मतलई आहे."

"शाबास. म्हणजे वारा पूर्वेकडून येतो आणि पश्चिमेला जातो. मग तू त्या पश्चिमेच्या खिडकीखाली बस. वास बाहेर जाईल. दुपारी वारा फिरला की इकडे, दाराशी ये. मला सांगावं लागणार नाही. तुझं तुलाच कळेल."

मी दप्तर उचललं. बाकावरून उठले. खिडकीखाली जमिनीवर जाऊन बसले. लिलू माझ्या मागून आली, तीही आमच्याच कोळीवाड्यातली. मग बाईंनी बोटानं पाड्यांवरच्या पाच पोरांना दाखवलं. त्यांना मासळीचा वास नव्हता. पण त्यांच्या कपड्यांना चुलीच्या धुराचा वास होता म्हणे. तीही आली. आम्ही सात जण खिडकीखाली.

माझी जागा माझ्याच तोंडून काढून घेतली होती. हे कळायला मला दुपार झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर वारा फिरला, ते अंगाला लागलं, आणि कुणी काही न बोलता माझे पाय आपोआप दाराकडे वळले. मी उठले तशी बाकीची सहा उठली. बाईंनी मान हलवली. पसंतीची.

ही गोष्ट बोईसरजवळच्या एका शाळेची. साठ सालानंतरची. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललं होतं. रस्त्यानं दिवसभर ट्रक जायचे. दुपारी कुठेतरी सुरुंग उडायचे आणि वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या. बाहेरगावचे साहेब लोक, कारकून, इंजिनियर नव्या कॉलनीत राहायला आले होते. त्यांची मुलं शाळेत आली. कुणी पुण्याकडची, कुणी मुंबईची, कुणी घरी हिंदी बोलणारी. त्यांची बूट घालून येण्याची पद्धत आम्हाला नवी होती. पण ती मुलं वाईट नव्हती. आधीच्या गुरुजींच्या वेळी आम्ही एकाच बाकावर बसायचो. एका मुलीनं मला हिंदीत वीसपर्यंत आकडे शिकवले होते, मी तिला खेकडा कसा धरायचा ते दाखवलं होतं. गुरुजींची बदली झाली. बाई आल्या. आणि रुमाल आला.

माझी आय मासळीची पाटी घेऊन रोज पहाटे आमच्या गावाहून बोईसरच्या बाजाराला चालत यायची. मी तिच्याबरोबर. तिच्या डोक्यावर मोठी पाटी, माझ्या डोक्यावर लहान. बाजारात पाटी उतरवून मी हात धुवायचे आणि शाळेत जायचे. बाईंनी जागा बदलली त्या दिवसानंतर मी हातांना राख लावून घासायला लागले. मग मातीनं. मग दगडानं. आय म्हणाली, "कातडी काढतेस काय?" मी घासत राहिले.

एका महिन्यानं भूगोलाची परीक्षा झाली. प्रश्न होता, मतलई वारे आणि खारे वारे. पुस्तकात तो शब्द पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चमकले होते. हा तर आमच्या बाबाचा शब्द. बाबा पहाटे दारात उभा राहून नाक वर करायचा आणि म्हणायचा, "मतलय पडली, चला." तो शब्द पुस्तकात! छापलेला! मी पान भरून लिहिलं. रातीला जमीन लवकर थंड व्हते, दर्या उशिरानं थंड व्हतो, म्हणून वारा दर्यावर जातो, म्हणून व्हड्या पहाटे बाहेर पडतात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी येतात.

पेपर परत मिळाला. पानावर तिरकी लाल रेघ. खाली बाईंचं सुंदर अक्षर : 'भाषा अशुद्ध.' गुण शून्य.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं पुस्तकातल्या चार ओळी जशाच्या तशा लिहिल्या होत्या. तिला पैकीच्या पैकी. त्या मुलीचा मला राग आला नाही. सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि विचारलं, "दर्या उशिरा का थंड होतो गं?" तिला ते ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. "तू हुशार आहेस," म्हणाल्या. "त्या सगळ्यांत तूच एक आहेस. भाषा सुधारलीस तर सातवीच्या फायनलला तुझा नंबर येईल. तुझा फॉर्म मी स्वतः भरेन. परीक्षा पालघरला असते. मी तुला घेऊन जाईन."

माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला नाही. पण ठेवल्यासारखं वाटलं.

मी रस्त्यानं घोकायला लागले. आहे. नाही. आम्ही. तुम्ही. येईल. होते. आय पुढे चालायची, मी मागून पुटपुटायचे. पहिल्यांदा ती हसली. नंतर हसायची बंद झाली. एकदा घरी मी म्हणाले, "आई, मला भूक लागली आहे." बाबा जाळं शिवत होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, घरात कुणी परकं माणूस आल्यासारखं. मग पुन्हा जाळ्यात बघायला लागला.

मला त्याची लाज वाटली. हे मी लपवणार नाही. त्याच्या 'हाय'ची लाज वाटली.

आता शुक्रीचं सांगते. तिच्यासाठीच हे सगळं सांगायला बसले आहे.

शुक्री वारल्यांची, त्या पाच पोरांतली एक. बेटेगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरून यायची. वर्गात ती बोलत नसे. बाई काही विचारायच्या, ती जमिनीकडे बघायची. बाईंनी ठरवून टाकलं होतं, हिला काही समजत नाही. पण शुक्रीचं गणित! मी वहीत मांडामांड करायचे तोवर ती माझ्या कानाशी उत्तर सांगायची, तिच्या वारली बोलीत. मला ती बोली थोडी यायची. पाड्यांवरचे लोक आयकडे सुकट घ्यायला यायचे, त्यांच्याशी बोलून बोलून आली होती. शुक्री सांगायची, मी तिच्या पाटीवर मराठीत लिहायचे. बाई यायच्या, पाटी बघायच्या आणि मला म्हणायच्या, "तिला उत्तरं सांगू नकोस." मी कधी म्हणाले नाही की ही मला सांगते. माझ्या हुशारीत तिचा वाटा होता, आणि मी गप्प राहून तो खात होते.

बाई दर सोमवारी हजेरी उघडायच्या. टेबलावर लाल शाईची दौत असायची. त्या नावं वाचायच्या आणि मधेच थांबायच्या. त्या थांबल्या की आमच्या खिडकीखाली कुणी हलायचं नाही. टाक बुडायचा. पट्टी ठेवून रेघ मारली जायची. "नाव कमी केलं," बाई म्हणायच्या, त्याच मऊ आवाजात, आणि पुढचं नाव. पाड्यावरची दोन पोरं भातझोडणीला थांबली, पंधरा दिवस आली नाहीत. रेघ. कॉलनीतला एक मुलगा महिनाभर मामाकडे मुंबईला होता. त्याच्या नावापुढे रजा.

आम्ही पाच उरलो.

मग शुक्री यायची थांबली. घरच्यांबरोबर गवत कापायला गेली होती. पावसाळा संपला की पाडेच्या पाडे गवताला जातात, लांब, माळावर पालं ठोकून राहतात. घरात कुणी उरत नाही, पोरीनं एकटीनं कुठं राहायचं? सोमवार आला. टाक बुडाला.

संक्रांतीनंतर शुक्री परत आली. हातांवर गवताचे काप. पाटी नवी होती, कुठून आणली कोण जाणे. मतलय चालली होती, म्हणून आम्ही खिडकीखाली. ती नेहमीसारखी येऊन माझ्या शेजारी बसली.

बाईंनी हजेरी घेतली. तिचं नाव आलं नाही. शुक्री हात वर करायच्या तयारीत तशीच बसली होती.

"तुझं नाव पटावर नाही," बाई तिला म्हणाल्या. "बाहेर जा."

शुक्री उठली. बाहेर गेली आणि दाराच्या पायरीवर बसली. दिवसभर बसली. दुपारी वारा फिरला आणि आम्ही दाराशी आलो, तेव्हा तिच्यात आणि माझ्यात फक्त उंबरा होता. फळ्यावर गणित होतं. तिचे ओठ हलले. उत्तर सांगितलं तिनं मला. मी ते वहीत लिहिलं. बाईंनी वहीवर बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई माझ्याजवळ आल्या. "शाळा तपासायला साहेब यायचे आहेत. ती पायरीवर बरी दिसत नाही. तिला माझं काही कळत नाही. तू तुमच्या भाषेत सांग तिला. उद्यापासून येऊ नकोस म्हणावं." आणि जरा वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं, "फॉर्म या आठवड्यात भरायचेत."

मी उंबऱ्याशी गेले. शुक्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या बोलीत सांगितलं. उद्यापासून येऊ नको.

ती म्हणाली, "काहा?"

काहा म्हणजे का. एवढाच शब्द. माझ्याकडे तिच्या बोलीत उत्तर नव्हतं. माझ्या बोलीत नव्हतं. बाईंच्या शुद्ध भाषेतही नव्हतं. मी म्हणाले, "बाय बोलली."

शुक्रीनं पाटी उचलली. पोटाशी धरली. मैदान ओलांडून गेली. वळून पाहिलं नाही. दूर सुरुंग उडाला, दाराची कडी खडखडली. बाई म्हणाल्या, "छान. बघ, आपल्या माणसानं सांगितलं की लोक ऐकतात."

त्या रात्री मी जेवले. झोपलेही. हेच मला नंतर जास्त लागलं.

आठवड्यानं बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर फॉर्म होते. सगळ्यांत वर माझा. माझं पूर्ण नाव बाईंच्या अक्षरात, बाबाच्या नावासकट. मी ते बघत राहिले. इतकं देखणं मी माझं नाव कधी पाहिलं नव्हतं.

"तुझं झालं," बाई म्हणाल्या. "आता एक काम कर. लिलू, महादू आणि सोमी. या तिघांचे फॉर्म भरणार नाही. ती नापास होतील, शाळेचा निकाल खाली जाईल. कॉलनीतले पालक मला विचारतात. मी सांगितलं तर रडारड होईल. तू तुमच्या भाषेत समजावून सांग. तुझं ऐकतात."

सोमी आणि महादू पाड्यावरची. लिलू माझ्या घराच्या चार घरं पलीकडे राहायची. ती नापास होणार नव्हती. मला माहीत होतं. तिचं इतिहासाचं पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मी उभी होते. आणि एकदम मला कळलं की ही बाई मला का सांभाळतेय. माझं डोकं तिला नको होतं. माझी जीभ हवी होती. आमच्यातल्या एकेकाला आमच्याच बोलण्यात बाहेर काढायला एक तोंड लागतं. ते मी होते. आणि शेवटी या वर्गात वाऱ्याखाली मी एकटीच बसलेली असणार होते, शुद्ध बोलत.

मी म्हणाले, "नाय सांगत."

बाईंनी मान वर केली. "नाही सांगत, म्हण."

त्या वेळीसुद्धा! त्या वेळीसुद्धा तिला माझा शब्द दुरुस्त करायचा होता.

"नाय," मी म्हणाले. "नाय सांगत. शुक्रीला सांगितला, तो बी सांगाला नको होता. तिची गणितां तीच करत होती. मी नाय. ती मना सांगत होती."

बाईंनी माझा फॉर्म उचलला, दोन घड्या घातल्या, ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर हळूच बंद केला. "जा," म्हणाल्या. मऊ आवाजात.

सोमवारी माझ्या नावावर टाक थांबला. मग लिलूच्या. मग महादू आणि सोमीच्या. एका पट्टीत चार रेघा, आम्ही चौघं समोर बसलेली असताना.

घरी आयनं ऐकलं आणि पाटी जमिनीवर आपटली. "एक शब्द बोलली असतीस तर काय झालं असतं? मी पाटी व्हायली ती कशाला? तू तरी सुटशील म्हणून. लिलूला आज ना उद्या कळलाच असता!" मी तिला शुक्रीचं सांगितलं. पायरीचं, उंबऱ्याचं, सगळं.

आयनं एवढंच विचारलं, "त्या पोरीला तू सांगितलास?"

"हां."

"तुझ्या तोंडानं?"

मी मान डोलावली. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "उद्या पाड्यावर चल."

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून आम्ही बेटेगावच्या पलीकडे गेलो. ऊन तापलं होतं. शुक्री घरापुढे शेणानं जमीन सारवत होती. तिनं आम्हाला पाहिलं, हात थांबवले नाहीत. तिच्या आईनं आम्हाला पाणी दिलं. आयनं सुकटीची पुडी पुढे केली. ती तशीच ओट्यावर राहिली.

मी शुक्रीच्या शेजारी बसले. रस्ताभर जुळवलेलं सगळं बोलले. मी तुला सांगायला नको होतं. बाईंनी मला सांगायला लावलं. तुला तिचं बोलणं कळत नव्हतं म्हणून...

शुक्रीनं हात थांबवले. पहिल्यांदाच माझ्याशी ती शाळेच्या मराठीत बोलली. हळू, अडखळत, पण स्वच्छ.

"मला कळत होतं. बाई काय बोलतात, सगळं कळत होतं. मी येत होते तरी. तू काय बोलतेस, ते बघायचं होतं."

आणि पुन्हा सारवायला लागली. तिचा हात माझ्या पायाशी आला. थांबला. मी बाजूला झाले. तेवढीही जमीन तिनं सारवून घेतली.

परतताना आय पुढे चालत राहिली. मी मागून. रस्त्यावर ट्रक जात होते, धूळ तोंडात येत होती.

त्या साली आमच्यातलं कुणीच फायनलला बसलं नाही. शाळेतून जेवढी बसली तेवढी पास झाली. फळ्यावर रंगीत खडूनं ते लिहिलं होतं, आणि आल्या-गेल्याला दाखवत होते. आम्ही किती जण होतो ते फळ्यावर नव्हतं. ते लाल रेघांखाली होतं. लिलूचं पुढच्या वर्षी लग्न झालं. महादू बांधकामावर गेला. सोमीचं मला माहीत नाही. शुक्री पुन्हा कुठल्याच शाळेत गेली नाही. माझ्यापेक्षा पक्कं गणित होतं त्या पोरीचं. ती माळावर गवत कापत राहिली.

मी दोन वर्षं बाजारात पाटी वाहिली. मग माहीमला मावशीकडे राहून पुन्हा सातवीला बसले आणि पास झाले. पेपरात आहे-नाही सगळं शुद्ध लिहिलं. ती भाषा मला येते. मी ती कमावली आहे आणि कुणाला परत देणार नाही. पण घरी गेले की बाबाशी मी त्याच्या बोलीत बोलले, तो असेपर्यंत.

पुढे मी मास्तरीण झाले. पाड्यांवरच्या शाळांत. शुक्रीनं मला माफ केलं नाही, आणि मी तिच्याकडे माफी मागायला पुन्हा गेले नाही. ते तिच्यावर लादण्यासारखं झालं असतं. मला जे करायचं आहे ते तिच्यापुढे उभं राहून करायचं नाही.

अजून साहेब येतात. खुर्चीत बसतात, चहा घेतात. यादी पुढे सरकवतात. कधी शाळा बंद करायची असते, कधी पाच-सहा पोरं कमी करायची असतात, कधी कुठली वस्ती हलवायची असते. आणि मग तोच मऊ आवाज येतो. बाई, तुम्ही यांच्यातल्याच. तुम्ही यांच्या भाषेत समजावून सांगा.

मी यादी वाचते. एकेक नाव मोठ्यानं वाचते, त्यांना ऐकू जाईल असं. मग यादी परत देते.

शिकवायचं असेल तर मी त्यांच्या भाषेत शिकवीन. हाकलायचं असेल तर पाड्यावर तुम्ही जा. पोराच्या समोर उभे राहा. तुमच्या तोंडानं सांगा. पोर विचारेल का, त्याचं उत्तर तुम्ही द्या. मी नाय सांगणार.